माहेरचा ताप

या सदरांत आम्ही बहुधा आपल्याच स्वयंपाकघराच्या चार भिंतींआड वावरतों. या खेपेस उंबरठा ओलांडून बरेंच दूर जावयाचें योजिलें आहे, आणि त्यास निमित्त एका वाचकभगिनींच्या पत्राचें. त्यांची कन्या लंडनच्या दक्षिण भागांत राहते. शेजारीं एक नायजेरियन कुटुंब आहे. त्या शेजारणीनें एका शनिवारीं सकाळीं गरम वडे पाठविले, ते चवळीचे निघाले, आणि चवीला आपल्याकडील वड्यांशीं इतके मिळतेजुळते कीं, "हे लोक आपले वडे कोठें शिकले?" असें कन्येनें आईस विचारलें व आईनें आम्हांस विचारलें आहे.

आमच्या मतें प्रश्न उलट दिशेनें विचारावयास हवा. चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेची. हजारों वर्षांपूर्वीं ती तेथून हिंदुस्थानांत आली. ज्वारी आणि बाजरी हींहि त्याच खंडाचीं अपत्यें. अर्थात् देशावरची भाकरी आणि तिच्याबरोबरची चवळीची उसळ, दोहोंबद्दल आपण आफ्रिकेचे ऋणी आहोंत. नायजेरियाच्या नैऋत्य भागांत योरूबा लोकांची वस्ती आहे. ते चवळी भिजत घालतात, चोळचोळून तिचीं सालें काढतात, कांदा व मिरची घालून वाटतात, आणि वाटण फेसून हलकें झालें म्हणजे तेलांत सोडतात. या वड्यास ते 'अकारा' म्हणतात, आणि शनिवारची न्याहारी तर त्याच्यावांचून होत नाहीं. तेंच वाटण पानांत बांधून वाफविलें म्हणजे 'मोइन-मोइन' होतें. त्यांत अंडें किंवा मासा घालण्याची चाल आहे, तेव्हां शाकाहारी घरांनीं शेजारणीस आधीं विचारून घ्यावें हें बरें. गुलाम करून अटलांटिकपार नेलेल्या योरूबा माणसांनीं हा वडा ब्राझीलच्या बाहिया प्रांतांतहि नेला. तेथें आजहि तो 'अकाराजे' या नांवानें रस्त्यावर विकतात. अंगावरचें सारें हिरावून घेतलें तरी हातांतली कृति कोणी हिरावूं शकलें नाहीं.

साबुदाण्याचें नातें तर याहूनहि जवळचें आहे. आपल्याकडील साबुदाणा मुख्यत्वें तामिळनाडूंत सेलमच्या बाजूस तयार होतो, आणि तो होतो कसावा नांवाच्या कंदापासून. हा कंद दक्षिण अमेरिकेंतला. पोर्तुगीजांनीं तो आफ्रिकेंत नेला, आणि आज सर्व जगांत त्याचें सर्वांत मोठें पीक नायजेरियांत येतें. एकादशीच्या आपल्या ताटांतली खिचडी आणि लागोसच्या मजुराचें दुपारचें जेवण यांचा कंद एकच आहे. तिकडे त्याची 'गारी' करतात. कंद सोलून किसावयाचा, कीस पोत्यांत भरून त्यावर दगड ठेवावयाचे, दोन-चार दिवस तो आंबत व निथळत ठेवावयाचा, मग चाळून मोठ्या कढईत परतावयाचा. हा खटाटोप केवळ चवीसाठीं नाहीं. कच्च्या कसाव्यांत, विशेषतः त्याच्या कडू जातींत, सायनाइड हें विष उत्पन्न करणारें द्रव्य असतें. किसण्यानें, आंबण्यानें व भाजण्यानें तें निघून जातें. ज्या घरीं घाईनें किंवा दारिद्र्यानें या पायऱ्या गाळल्या जातात आणि ताटांत दुसरें कांहीं नसतें, तेथें पाय लटपटणें, दृष्टि मंदावणें असे विकार दिसतात. नायजेरियांतील डॉक्टर ओसुंतोकुन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अशा रोग्यांचा कसून अभ्यास केला. कोणत्या बाईनें प्रथम तीन दिवस धीर धरला, याची नोंद अर्थातच कोठें नाहीं.

गारीवर उकळतें पाणी ओतून ढवळलें कीं तिचा घट्ट गोळा होतो. उजव्या हातानें त्याचा लहानसा घास तोडावयाचा, पातळ भाजींत बुडवावयाचा आणि न चावतां गिळावयाचा. डावा हात पुढें करणें तिकडेहि असभ्यपणाचेंच समजतात. भाजी माठाच्या जातीच्या पाल्याची, भेंडीची, किंवा 'एगुसी' म्हणजे एका जातीच्या टरबुजाच्या वाटलेल्या बियांची. तींत तांबडें पामतेल घालतात. त्याचा तांबडेपणा ज्या द्रव्यामुळें येतो, त्याचेंच शरीरांत अ जीवनसत्त्व बनतें. बहुतेक भाज्यांत मासे वा मांस पडतें हें खरें. पण त्या भाज्यांचा जुना प्राण म्हणजे 'इरू'. एका मोठ्या रानटी झाडाच्या शेंगांतील बिया तासन्‌तास शिजवून, सालें काढून, दोन-तीन दिवस आंबवून ती करतात. वास असा कीं, नवख्यानें नाकाला पदर लावावा. परंतु ज्यांच्या घरीं हिंगाची डबी आहे, त्यांनीं दुसऱ्यांच्या वासाला नांवें ठेवूं नयेत.

आतां हेंच स्वयंपाकघर परदेशीं गेलें म्हणजे त्याचें काय होतें तें पाहूं. देश सोडून जाण्याला तिकडील तरुण 'जापा' म्हणतात. योरूबा भाषेंत याचा अर्थ जवळजवळ 'सटकणें' असा आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांत नायजेरियांत शिकलेले हजारों डॉक्टर आज काम करीत आहेत, यावरून जाणारे कोण आहेत याची कल्पना येईल. लंडनच्या पेकहॅम भागांत राय लेन नांवाचा रस्ता आहे. तेथें गारी, एगुसी, मोठमोठे याम कंद, भाजीचीं केळीं, तांबडें तेल असें सर्व कांहीं मिळतें. तरी कांहीं अडतेंच. घरची चवळी नेण्याची सोय २०१५ मध्यें बंद झाली. साठवणींत किडीसाठीं मारलेल्या औषधाचा अंश आढळल्यामुळें युरोपीय संघानें नायजेरियाच्या वाळविलेल्या कडधान्यावर बंदी घातली. याम उकडून उखळांत कुटावयाचा, तर भाड्याच्या घरांत वरच्या मजल्यावर मुसळ कोण चालवूं देईल? मग बटाट्याच्या पिठाची तयार पुडी येते. पण सर्वांत मोठा बदल इरूचा. तिची जागा तयार मसाल्याच्या चौकोनी वड्यांनीं घेतली आहे, आणि ही बदली परदेशांतच नव्हे, खुद्द नायजेरियांतहि झाली आहे. या वड्यांत मिठाचा हिस्सा फार मोठा. शिवाय वरून मीठ घालावयाचें तें निराळेंच.

हें मीठ आम्हांस उगीच टोंचत नाहीं. पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीज बेटें आणि अमेरिका येथें राहणाऱ्या, मुळांत एकाच वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीनें मोजून १९९७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध करण्यांत आले. वाढलेला रक्तदाब पश्चिम आफ्रिकेंत शेंकडा १६ माणसांस, बेटांवर २६ आणि अमेरिकेंत ३३ जणांस आढळला. तसेंच इबादान शहरांतील योरूबा वृद्ध व अमेरिकेंतील इंडियानापोलिसचे आफ्रिकी वंशाचे वृद्ध यांची तुलना २००१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत वर्षाकांठीं नव्यानें स्मृतिभ्रंश जडणाऱ्यांचें प्रमाण इबादानला शेंकडा १.३५, तर इंडियानापोलिसला ३.२४ निघालें. काळ्या माणसाचें रक्तच तसें, असें म्हणून हात झटकणाऱ्यांस हे आंकडे चांगलें उत्तर आहेत. मात्र यावरून घरीं राहिलेले सारे सुखरूप आहेत असें कोणी समजूं नये. नायजेरियाच्या शहरांतहि आतां रक्तदाब पुष्कळ वाढला आहे, कारण अमेरिकेची राहणी मिळविण्यास अमेरिकेस जावेंच लागतें असें नाहीं.

उन्हाचीहि गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. लागोस विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसहा अंशांवर आहे, लंडन साडेएक्कावन अंशांवर. तेथें ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच्या उन्हांत ड जीवनसत्त्व बनविण्याइतका जोर नसतो, आणि गडद कांतीस तर तें बनविण्यास ऊन अधिकच लागतें. ब्रिटनमध्यें हिंवाळ्यांत सर्वांनींच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असें सरकार सांगतें. आफ्रिकी व आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांस बारा महिने. विलायतेंतील आपल्या लेकी-सुनांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

नायजेरियन घरांत, देशांत असो वा परदेशांत, एक प्रश्न तरुण-तरुणी ओळख वाढूं लागतांच एकमेकांस विचारतात: तुझा 'जीनोटाइप' कोणता? ए-ए कीं ए-एस? सिकल-सेल म्हणजे रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा जो वंशागत रोग आहे, त्याचें बीज तेथील साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांत असतें. दोन बीजवाहक एकत्र आले, तर दर गर्भाच्या वेळीं चारांत एक अशी भीति कीं, मूल पूर्ण रोगी निपजेल. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवितात. हे लोक दोन अक्षरें जुळवितात, आणि न जुळल्यामुळें कित्येक चांगलीं स्थळें मोडतात. (विदर्भांत व नंदुरबारकडे आदिवासी समाजांत हाच रोग आहे, आणि तेथेंहि लग्नापूर्वीं रक्त तपासण्याचा आग्रह हवा.) हें बीज इतकें पसरलें कां, याचा उलगडा १९५४ मध्यें अँथनी ॲलिसन यांनीं केला: ज्याच्या अंगीं एकच बीज आहे, त्यास तीव्र हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. पिढ्यान्‌पिढ्या डांसांनीं माणसांची जी निवड केली, तिची ही खूण आहे.

आणि येथेंच आमच्या मुख्य विषयाशीं आम्ही येऊन पोंचतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणें जगांतल्या हिंवतापाच्या रोग्यांपैकीं चौथ्याहून अधिक आणि त्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या नायजेरियांत असतो. मरणारीं बहुतेक पांच वर्षांच्या आंतलीं मुलें. जीं वांचतात, त्यांना वारंवार चावे बसून थोडें थोडें बळ येतें. मोठेपणीं ताप आला तरी तो दोन दिवसांच्या अंगदुखीवर निभावतो. म्हणून तेथें प्रौढ माणूस "मलेरिया झाला आहे" हें आपण "पडसें झालें आहे" म्हणतों त्या सुरांत म्हणतो. परंतु हें बळ पुरें नसतें आणि कायमचेंहि नसतें. चावे थांबले कीं तें ओसरूं लागतें. कांहीं वर्षांत, कित्येकदां त्याहूनहि लवकर, त्याचा आधार उरत नाहीं. जीभ गांव विसरत नाहीं, रक्त विसरतें. आणि माणूस आपला विश्वास जिभेवर ठेवतो.

डिसेंबर आला कीं लंडन, ह्यूस्टन, टोरांटो येथून लागोसकडे जाणारीं विमानें भरून वाहतात. लग्नें, नाताळ, आजीची भेट, सर्व त्याच महिन्यांत. परदेशांतून आलेल्यांस तिकडे 'आय-जे-जी-बी' म्हणून चिडवितात; 'नुकताच आलों बरें का' असें सांगत फिरणारा, असा त्याचा भाव. अशा वेळीं घरच्या ओटीवर बसून हिंवतापाची प्रतिबंधक गोळी तोंडांत टाकणें म्हणजे आपण परके झालों याची कबुली देण्यासारखें वाटतें. "तूं येथेंच वाढलास ना? आम्हांला कांहीं होत नाहीं, मग तुलाच कसें होईल?" असें काकू म्हणते, आणि काकूचें म्हणणें काकूपुरतें खरेंहि असतें! शिवाय ब्रिटनमध्यें या गोळ्या सहसा पदरच्या पैशानें घ्याव्या लागतात. पांच माणसांच्या कुटुंबास तो खर्च तिकिटांवर जड होतो. डिसेंबर कोरडा, हरमाटनच्या वाऱ्याचा, म्हणून डांस नसतील असाहि एक समज आहे. उत्तरेंत तेव्हां ते कमी होतात; दक्षिणेंत, म्हणजे लागोस धरून, हिंवताप बारमहा असतो.

परिणाम आंकड्यांत दिसतो. ब्रिटनमध्यें दरवर्षीं बाहेरून आलेल्या हिंवतापाचे दीड-दोन हजार रोगी सांपडतात. २०२३ मध्यें तर ही संख्या दोन हजारांवर गेली, जें २००१ नंतर प्रथमच झालें. त्यांत मोठा भरणा मौजेच्या प्रवाशांचा नसतो. तो असतो आप्तांना भेटून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं गोळ्या घेतलेल्या नसतात किंवा अर्ध्यावर सोडलेल्या असतात. सर्वांत वाईट अवस्था परदेशीं जन्मलेल्या मुलांची. आईच्या अंगीं निदान एकेकाळीं बळ होतें. मुलाच्या रक्तानें तो रोग कधीं पाहिलेलाच नसतो. आई मात्र त्याला आपलेंच समजून मच्छरदाणीवांचून भावंडांत निजविते. गरोदर स्त्रीस व सिकल-सेलच्या रोग्यास हाच ताप दुप्पट घातक. बीज असणें आणि रोग असणें यांत घोटाळा होऊं देऊं नये. बीजवाहकास जें कवच मिळतें तें रोग्यास मिळत नाहीं, आणि बीजवाहकाचेंहि कवच अभेद्य नाहीं.

उपाय अवघड नाहींत. क्लोरोक्विनचा नायजेरियांत उपयोग उरलेला नाहीं, तेव्हां घरांत पडलेल्या जुन्या गोळ्यांवर विसंबूं नये. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधीं सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. कोणास कोणती सोसेल हें डॉक्टरांनीं ठरवावें. लहान मुलांस व गरोदर स्त्रीस डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहींत. ही परतल्यावरची शेपटीच लोक कापून टाकतात, आणि रोगाचें बीज यकृतांतून रक्तांत उतरतें तें नेमकें त्याच दिवसांत. हा डांस संध्याकाळपासून पहांटेपर्यंत चावतो. म्हणून अंगभर कपडे, डीट असलेलें मलम आणि औषध लावलेली मच्छरदाणी. हें सर्व करूनहि परत आल्यावर ताप आला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तरी थंडी-पडशाचा काढा घेत बसूं नये. त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें, आणि डॉक्टरांनीं विचारलें नाहीं तरी "मी नायजेरियाहून आलों आहें" हें पहिलें वाक्य असावें. एक तपासणी निर्दोष निघाली तरी दुसरी व तिसरी करवावी लागते. फॅल्सिपेरम जातीचा हिंवताप चांगल्या धडधाकट माणसाला थोड्या दिवसांत मेंदूपर्यंत पोंचून नेतो. वेळेवर कळला तर मात्र तो पूर्ण बरा होतो.

पुणेकरांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनीं शोधलेली 'आर-२१' ही हिंवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते. नायजेरियानें तिला २०२३ च्या एप्रिलांत मान्यता दिली, आणि २०२४ च्या अखेरीस केब्बी व बायेल्सा या दोन प्रांतांतील बालकांस ती देण्यास आरंभ झाला. ती तेथें राहणाऱ्या बालकांसाठीं आहे. लंडनहून महिनाभर येणाऱ्या पाहुण्यांचें काम तिनें भागत नाहीं.

माहेरच्या या तापाची आपल्याकडेहि एक धाकटी बहीण आहे. ब्रिटनमध्यें विषमज्वराचे जे रोगी आढळतात, त्यांपैकीं बहुसंख्य हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेश येथें आप्तांकडे जाऊन आलेले असतात. सुटींत नातवंडें यावयाचीं असतील, तर निघण्यापूर्वीं किमान दोन आठवडे त्यांस विषमज्वराची लस टोंचून घ्यावी असें मुलास आतांच कळवावें, आणि तीं आलीं म्हणजे पाणी उकळूनच द्यावें. "आम्ही याच विहिरीचें पाणी पिऊन वाढलों" हें त्यांना ऐकवूं नये. ज्यांचे आप्त लागोसला नोकरी-व्यापारासाठीं आहेत, त्यांनीं पीतज्वराच्या दाखल्याची आठवण ठेवावी. नायजेरियाहून हिंदुस्थानांत उतरणाऱ्याजवळ तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत त्यास विलग ठेवतात. ही लस २०१६ पासून जन्मभरासाठीं ग्राह्य धरतात, पण दाखला टोंचल्यापासून दहाव्या दिवशीं लागू होतो. तेव्हां तिकीट काढतांना हे दहा दिवस मोजून घ्यावे.